बांबूच्या बारीक काठ्यांपासून तिराच्या काड्या

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत बांधावर किंवा पडीक जमिनीवर बांबू लावणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते. रोपे लावल्यापासून पहिली चार-पाच वर्षे बेटातून जे निघते, ते विकण्याजोगे नसते. पहिल्या वर्षी गवतासारखे कोंब येतात, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पेन्सिलीएवढ्या, मग बोटाएवढ्या काठ्या येतात. बांधकामाला त्या चालत नाहीत आणि बुरूडही त्यांना हात लावीत नाही. मग या काठ्या टोमॅटोच्या झाडांना आधार म्हणून जातात किंवा सरळ चुलीत जातात.

याच काठ्यांपैकी काही तिराच्या काडीसाठी उत्तम असतात. मात्र त्या योग्य वयाच्या झाल्यावर, योग्य महिन्यात तोडल्या पाहिजेत, सावलीत वाळवल्या पाहिजेत आणि ताठपणा व वजन पाहून त्यांचे जुळे संच लावले पाहिजेत. नुसती गोल, बारीक काठी म्हणजे तीर नव्हे. संच न जुळवता विकलेल्या शंभर काड्यांपेक्षा जुळवलेल्या बारा काड्यांना खेळाडू अधिक मान देतो, हे या लेखाच्या सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

आणखी एक गोष्ट अगोदरच स्पष्ट करावी लागेल. तिराच्या काड्यांसाठी म्हणून कोणी बांबूची नवी लागवड करू नये. ही गरज मर्यादित आहे. बेट आधीच असेल, तर त्यातून निघणाऱ्या मालाचा एक चांगला उपयोग एवढ्याच दृष्टीने या कामाकडे पाहावे.

तीरकामठा आणि आपला भाग

चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात तीरकामठा कोणाला समजावून सांगावा लागत नाही. भिल्ल आणि पावरा समाजाच्या घरांत तो आढळतो, सणासमारंभात आणि मिरवणुकीत तो हातात असतो. भिल्लांचा पारंपरिक कामठा बांबू चिरून केलेला असतो. त्याची दोरीसुद्धा सुताची नसून बांबूच्या सालीची चिवट पट्टी असते. म्हणजे लोखंडी पाते आणि पिसे सोडली, तर सगळे हत्यार एकाच बेटातून निघते.

शिकारीचा उपयोग आता राहिलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा ठरला आणि ते योग्यच झाले. उपयोग उरला आहे तो परंपरेचा आणि खेळाचा. राष्ट्रीय पातळीवरील धनुर्विद्या स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ नावाचा प्रकार आहे. त्यात बांबूचे देशी धनुष्य वापरतात आणि नवशिक्या मुलामुलींची सुरुवात बहुधा त्यावरच होते. राजस्थानातील आदिवासी कुटुंबात जन्मलेले लिंबाराम बांबूच्याच धनुष्यावर हात बसवून पुढे १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत खेळले. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील तीर मात्र आता कार्बनचे किंवा अॅल्युमिनियमचे असतात. तेथे बांबूला जागा नाही. आपला ग्राहक आश्रमशाळेतील, तालुक्याच्या क्रीडा केंद्रातील आणि इंडियन राउंड खेळणारा खेळाडू आहे.

बांबू, बोरू की वेत?

संस्कृतात ‘शर’ या एकाच शब्दाने नदीकाठची बोरूसारखी वनस्पतीही सांगितली जाते आणि बाणही. यावरून पूर्वी बाण कशाचे होत असत, ते समजते. तापी आणि तिच्या उपनद्यांच्या काठी वाढणारा नळ किंवा बोरू आजही तिरासाठी वापरता येतो. तो सरळ व हलका असतो आणि त्याची पेरे लांब असतात. परंतु भिंत पातळ असल्याने तो चेपतो, आणि पुढच्या टोकाला कठीण लाकडाची दहा-पंधरा सेंटिमीटरची खुंटी बसवल्याशिवाय निशाणावर आपटून टिकत नाही. लहान मुलांच्या हलक्या धनुष्याला तो ठीक आहे. हिवाळ्यात तो उभ्या उभ्या पिवळा पडला की तोडावा.

वेताविषयी बराच गैरसमज आहे. तिरांवरील इंग्रजी पुस्तकांत ‘केन’ हा शब्द वारंवार येतो आणि वाचणारा त्याचा अर्थ वेत असा करतो. प्रत्यक्षात ‘टोंकिन केन’ म्हणून जगभर विकला जाणारा माल म्हणजे चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील एक बांबू आहे. अमेरिकेतील ‘रिव्हर केन’ हाही बांबूच. जपानी लोक तिरासाठी जो बारीक बांबू वापरतात, त्याचे नावच ‘यादाके’, म्हणजे तिराचा बांबू, असे आहे. आपला कोकणातील खरा वेत आतून भरीव असला तरी तो वाकण्यासाठी जन्मलेला आहे. खुर्ची, टोपली, छडी यांना तो उत्तम, पण तिराला लागणारा ताठपणा त्यात नाही आणि वजनही जास्त होते. वेताच्या मागे लागू नये.

आपल्या भागासाठी मानवेल हाच बांबू योग्य. यालाच काही ठिकाणी नर बांबू किंवा भरीव बांबू म्हणतात. काटेरी कळकाची काठी जाड व पोकळ असते, फांद्या वाकड्या असतात. त्यापासून पट्ट्या चिरून, रंधून गोल काडी करता येते, पण ते सुताराचे काम झाले. योजनांतून मिळणाऱ्या बालकोवा किंवा टुल्डा या जाड जातींचेही तसेच. लागवड करण्यापूर्वी रोपवाटिकेत जात विचारून घ्यावी.

मानवेलचा एक गुण तिराच्या दृष्टीने फार सोयीचा आहे. भारी, पाण्याच्या जमिनीत त्याच्या काठ्या जाड आणि पोकळ होतात. हलक्या, मुरमाड, कोरड्या उतारावर त्याच काठ्या बारीक, आखूड पेराच्या आणि जवळजवळ भरीव निघतात. म्हणजे ज्या जमिनीवर कापूस उभा राहत नाही, त्या जमिनीचा बांबू तिरासाठी सरस ठरतो. केळीच्या शेजारी, ठिबकच्या पाण्यावर पोसलेले बेट विक्रीच्या बांबूसाठी ठेवावे आणि माळावरच्या बेटातून काड्या निवडाव्यात.

बेटाची निगा

वाकड्या काठ्या येण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे बेटातील गर्दी. नवा कोंब वर येताना त्याला जुनी काठी, वाळलेली फांदी किंवा दगड आडवा आला की तो तेथेच वळतो, आणि कोंबाचा वळलेला भाग पुढे कितीही शेकला तरी पुरता सरळ होत नाही. म्हणून मे महिन्यात बेटातील वाळलेल्या, मोडलेल्या काठ्या काढून टाकाव्यात, आतला पालापाचोळा उकरून बाहेर घ्यावा आणि बुंध्याला मातीची भर द्यावी. जून ते ऑगस्टमध्ये कोंब फुटत असताना बेटात जनावरे शिरू देऊ नयेत. शेंडा खाल्लेली काठी तिरासाठी बाद होते.

बारीक काठ्या निरुपयोगी म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षीच छाटून टाकण्याची पद्धत चुकीची आहे. या काठ्यांच्या पानांवरच बेटाचा कंद पोसला जातो आणि पुढच्या वर्षीची जाड काठी त्यातूनच येते. त्या तीन वर्षे उभ्या ठेवल्या, तर बेटही वाढते आणि काडीही पिकते. यात दोघांचाही फायदा आहे.

वय ओळखणे आणि तोड

बांबूची काठी एकाच पावसाळ्यात आपली पूर्ण उंची आणि जाडी गाठते. पुढे ती जाड होत नाही, फक्त आतून कठीण होत जाते. पहिल्या वर्षाची काठी दिसायला हिरवीगार आणि सरळ असते, म्हणून नवखा माणूस तीच तोडतो. वाळल्यावर तिच्यावर सुरकुत्या पडतात, ती आकसते आणि पहिल्याच महिन्यात तिला कीड लागते.

पहिल्या वर्षाच्या काठीवर कोंबाचे कोष चिकटलेले असतात आणि पेरांवर पांढरी भुकटी दिसते. दुसऱ्या वर्षी कोष गळतात, भुकटी कमी होते. तीन वर्षांनंतर रंग फिकट, पिवळसर किंवा करडा होतो आणि कोयत्याच्या पाठीने मारल्यास टणक आवाज येतो. सर्वांत सोपा उपाय म्हणजे दर दिवाळीला त्या वर्षीच्या काठ्यांवर तैलरंगाचा एक ठिपका द्यावा, वर्षागणिक रंग बदलावा. मग अंदाज करण्याची गरजच उरत नाही. हे काम फुकटात होते, तरी फार थोडे शेतकरी ते करतात.

तोड नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावी. पावसाळ्यात काठीत पाणी आणि पिष्ट जास्त असते, शिवाय नव्या कोंबांना इजा होते. जमिनीलगतच्या पहिल्या किंवा दुसऱ्या गाठीच्या किंचित वर धारदार कोयत्याने एकाच घावात तोडावे, म्हणजे खोडक्यात पाणी साचत नाही. बेटातील तीन वर्षांवरील काठ्यांपैकी निम्म्यापेक्षा जास्त एका हंगामात काढू नयेत.

मोठ्या माणसाच्या तिराची तयार काडी साधारण ७० ते ८० सेंटिमीटर लांब आणि ८ ते ९ मिलिमीटर जाड असते. वाळताना आणि खरवडताना जाडी कमी होते, म्हणून तोडताना एक-दीड मिलिमीटर जाड काठी घ्यावी आणि लांबी ९० सेंटिमीटर ठेवावी. मुलांच्या तिरासाठी याहून बारीक काठ्या चालतात, तेव्हा त्याही वेगळ्या बांधून ठेवाव्यात. बुंध्याकडील टोकाला रंगाची खूण करायला विसरू नये. पुढे त्याची गरज पडते.

भुंगेरा आणि वाळवण

वाळलेल्या बांबूतून पिठासारखा भुसा पडू लागला की आत भुंगेरा शिरला असे समजावे. हा किडा काठीतील पिष्टासाठी येतो. पिष्ट कमी केले की त्याचा उपद्रव कमी होतो. जुने लोक काठ्या तोडून पाल्यासकट आठवडाभर सावलीत उभ्या करीत. पाने सुकेपर्यंत काठीतील रस ओढून घेतात, हे त्यामागचे कारण. त्यानंतर पाला काढून काठ्या वाहत्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवल्यास पिष्ट आणखी निघून जाते. साचलेल्या पाण्यात ठेवल्यास ते दर दोन-तीन दिवसांनी बदलावे, नाही तर काठ्या काळ्या पडतात व वास येतो.

खात्रीचा उपाय हवा असेल तर बोरिक अॅसिड आणि बोरॅक्स यांचे द्रावण वापरावे. १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम बोरिक अॅसिड आणि ३०० ग्रॅम बोरॅक्स कोमट पाण्यात विरघळवून घ्यावे व काड्या त्यात पूर्ण बुडवून ठेवाव्यात. बाहेरच्या चकचकीत सालीतून द्रावण आत शिरत नाही, ते कापलेल्या टोकांतून शिरते. म्हणून काड्या लांबीनुसार कापून झाल्यावरच हे करावे. उरलेले द्रावण शेतात, विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये. बोरॉन जास्त झाल्यास पिकाची पाने कडेने करपतात. मुले व जनावरे यांच्यापासूनही ते दूर ठेवावे.

वाळवण्याचे काम खानदेशात सोपे वाटते, कारण उन्हाला तोटा नाही. येथेच नुकसान होते. गच्चीवर पसरलेली काठी मार्च-एप्रिलच्या झळांनी बाहेरून झपाट्याने वाळते, आतून ओली राहते आणि उभी तडकते. काड्या वीस-पंचवीसच्या जुड्यांत तीन ठिकाणी घट्ट बांधून घरात आढ्याला किंवा गोठ्याच्या छताखाली आडव्या टांगाव्यात. हवा लागली पाहिजे, ऊन नको. पंधरा दिवसांनी जुडी सोडून आतल्या काड्या बाहेर आणि बाहेरच्या आत कराव्यात. जुडीचे वजन आठवड्याला करून भिंतीवर लिहीत जावे. सलग दोन-तीन आठवडे वजन उतरले नाही की काडी वाळली. डिसेंबरात तोडलेली काडी साधारणपणे तीन महिन्यांत, होळीच्या सुमारास, तयार होते.

शेकून सरळ करणे

बांबू तापला की थोडा मऊ पडतो आणि थंड होताना दिलेला आकार धरतो. तिराची काडी सरळ होते ती या गुणामुळे. लोहाराच्या किंवा घरच्या शेगडीत धूर नसलेला निखारा करावा. ज्वाळेवर काडी धरू नये. वाकलेला भाग निखाऱ्यापासून चार बोटे वर, सतत फिरवत, हाताला चटका बसेल इतका तापवावा आणि वाकाच्या उलट बाजूला किंचित जास्त दाबून थंड होईपर्यंत तसाच धरावा. हाताने दाबण्यापेक्षा सागाच्या किंवा बाभळीच्या फळीला तिरकी खाच पाडून त्यात काडी अडकवून दाबणे सोपे जाते.

प्रथम पेरांमधील वाक काढावेत, मग गाठींजवळचे. गाठीजवळ काडी सर्वांत कठीण असते आणि घाई केली तर तेथेच मोडते. शेवटी काडी डोळ्यासमोर धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहावी आणि दोन बोटांच्या नखांवर फिरवावी. लडखडली तर अजून वाक आहे. रंग मधासारखा झाला तर हरकत नाही. काळा झाला तर काडी जळली, ती ठिसूळ होते. पहिल्यांदा सरळ केलेली काडी आठ दिवसांनी पुन्हा पाहावी. काही काड्या मूळच्या वळणावर परत जातात, त्या दोनदा शेकूनही न मानल्यास बाजूला काढाव्यात.

गाठींवरील फांद्यांचे टोकदार अवशेष चाकूने कापून कानशीने सपाट करावेत. बाहेरची साल मात्र रंधू नये. बांबूचे धागे सालीजवळ सर्वांत दाट असतात. चकाकी जाण्यापुरते पॉलिशपेपरने घासले तर पुरे. सगळी काडी एकसारखी गुळगुळीत दिसावी म्हणून साल काढणारे तीर सुंदर करतात पण कमजोर करतात.

ताठपणा मोजणे

हे काम बहुतेक जण करीत नाहीत, आणि तिराची किंमत नेमकी येथेच ठरते. धनुष्याच्या मुठीपाशी तीर सरळ मध्यातून जात नाही, तो मुठीच्या एका बाजूला टेकलेला असतो. दोरी सुटल्यावर काडी क्षणभर वाकते, मुठीला वळसा घालते आणि पुढे जाऊन सरळ होते. काडी फार ताठ असेल तर ती वळसा घेत नाही. फार लवचिक असेल तर जास्त वाकते. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा तीर सतत डावीकडे जात असेल तर काडी गरजेपेक्षा ताठ आणि उजवीकडे जात असेल तर लवचिक, असा ढोबळ नियम आहे. नेम चांगला असूनही तीर विखुरतात, त्याचे एक मोठे कारण बाराही काड्यांचा ताठपणा वेगवेगळा असणे हे आहे.

ताठपणा मोजण्याचे साधन घरी होते. एका फळीवर बरोबर ६६ सेंटिमीटर अंतरावर दोन खिळे ठोकावेत. त्यांवर काडी आडवी ठेवावी. मध्यभागी ९०७ ग्रॅम, म्हणजे दोन पाउंड, वजन टांगावे. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत वाळू भरून सोनाराच्या काट्यावर ते वजन नेमके करता येते. काडी मध्यभागी किती मिलिमीटर खाली वाकली ते मागे लावलेल्या पट्टीवर वाचावे. ६६० ला त्या मिलिमीटरांनी भागले की ती काडी सुमारे किती पाउंड ओढीच्या धनुष्याला जुळेल हे कळते. २२ मिलिमीटर वाकली तर ३० पाउंड, साडेसोळा मिलिमीटर वाकली तर ४० पाउंड, १३ मिलिमीटर वाकली तर सुमारे ५० पाउंड. हा हिशेब ७१ सेंटिमीटर लांबीचा तीर धरून आहे. तीर आखूड केला की तो अधिक ताठ वागतो. बांबूच्या धनुष्याची मूठ जाड असते व तीर तिच्या बाजूने बराच वळून जातो, म्हणून अशा धनुष्यासाठी हिशेबापेक्षा पाच पाउंड कमी ताठ काडी निवडावी.

काडी पूर्ण गोल नसते, तेव्हा ती फिरवून चार बाजूंनी मोजावी. चारही आकड्यांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असल्यास काडी सरावासाठी ठेवावी, संचात घालू नये. सर्वांत ताठ बाजूला पेन्सिलीने खूण करावी. ती बाजू तीर लावताना धनुष्याकडे यायला हवी आणि खाच व पिसे त्या हिशेबाने बसवली पाहिजेत. नुसत्या जाडीवर विसंबून राहू नये. जाडीत दहा टक्के वाढ झाली की ताठपणा सुमारे दीडपट होतो, त्यामुळे डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन काड्या काट्यावर फार वेगळ्या निघतात.

त्यानंतर वजन. एका संचातील काड्यांत एक-दोन ग्रॅमपेक्षा जास्त फरक नसावा. तयार तीर फार हलकाही नको. धनुष्याच्या ओढीच्या दर पाउंडामागे सुमारे ०.६५ ग्रॅम, म्हणजे ४० पाउंडाच्या धनुष्याला २६ ग्रॅमच्या आसपास वजन असावे. फार हलका तीर सोडणे म्हणजे रिकामी दोरी सोडण्यासारखे आहे, त्याने बांबूचे धनुष्य फाटते.

खाच, टोक आणि पिसे

बुंध्याकडचे जाड टोक पुढे ठेवावे, बारीक टोक दोरीकडे. त्यामुळे वजन पुढे राहते. पाते व पिसे लावून झाल्यावर तीर बोटावर तोलून पाहावा. तो मध्यापासून सात ते अकरा सेंटिमीटर पुढे तोलला गेला पाहिजे.

दोरीची खाच शक्यतो गाठीच्या लगेच मागे पाडावी, म्हणजे दोरीच्या धक्क्याने जाणारी चीर गाठीपाशी अडते. खाचेच्या तळाखाली दोऱ्याचे पंधरा-वीस घट्ट वेढे द्यावेत आणि त्यांवर राळ, लाख किंवा बाजारातील लाकडाचा गोंद लावावा. भिल्ल धनुर्धारी अंगठा न लावता दोन बोटांनी दोरी ओढतात, आणि ही रीत एकलव्याच्या कथेशी जोडली जाते. या पकडीला साधी खाच पुरते, तिला वेगळी मूठ करावी लागत नाही.

सरावासाठी बोथट किंवा गोलसर धातूचे टोकच लावावे. काडीचे टोक पोकळ असल्यास आधी कठीण लाकडाची खुंटी गोंदाने बसवून मगच टोक बसवावे आणि वरून दोऱ्याने बांधावे. पिसे तीन, सारख्या अंतरावर, आणि सर्व एकाच बाजूच्या पंखाची घ्यावीत. बदकाची, टर्कीची किंवा कोंबडीची पिसे चालतात. रानपक्ष्यांच्या पिसांच्या फंदात पडू नये.

काडीला जवसाच्या उकळलेल्या तेलाचा पातळ हात दोनदा द्यावा. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून मग फेकाव्यात.

तडा गेलेली काडी

हा भाग वाचल्याशिवाय कोणीही काडी विकू नये. तडा गेलेला तीर दोरी सुटताच मोडू शकतो आणि त्याचे तुटलेले धारदार टोक धनुष्य धरलेल्या हातात घुसते. हा हात बहुधा तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा असतो. प्रत्येक काडी दोन्ही टोके धरून चारही बाजूंनी थोडी वाकवावी आणि पिळावी. ‘टिक’ असा आवाज आला, किंवा बोट फिरवताना धागा उचकटल्यासारखा लागला, तर काडी तेथेच मोडून टाकावी. ती बाजूला ठेवू नये, कारण बाजूला ठेवलेली काडी पुन्हा जुडीत येते. तीर दगडावर किंवा झाडावर आपटला की प्रत्येक वेळी ही तपासणी खेळाडूने पुन्हा करायची असते. हे विकताना सांगावे.

कायदा आणि विक्री

स्वतःच्या शेतातील बांबू तोडण्यास आता अडचण नाही. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळण्यात आला. जंगलातील बांबूचे तसे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला आणि सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभांना तो तोडण्याचा व विकण्याचा अधिकार आला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला, तो याच कायद्यामुळे. सातपुड्यातील ज्या गावांना सामूहिक हक्क मिळाले आहेत, त्यांनी तोडीचा निर्णय ग्रामसभेत घ्यावा. यावल आणि अनेर धरण या अभयारण्यांच्या हद्दीतून काठी आणण्याचा विचार करू नये.

विक्रीसाठी शेतकऱ्याने पूर्ण तीर करण्याचा आग्रह धरू नये. वाळवलेली, सरळ केलेली, ताठपणाचा आकडा लिहिलेली काडी येथपर्यंतचे काम शेतावर चांगले होते. पाते, खाच आणि पिसे यांचे काम ज्यांच्या हातात ते पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या पाड्यावरच्या कारागिरांना द्यावे आणि त्याचा वेगळा मोबदला ठरवावा. त्यांच्या कलेवर फुकट किंवा स्वस्तात माल उभा करणे हा व्यवहार नव्हे. जिल्हा धनुर्विद्या संघटना, आश्रमशाळांतील क्रीडाशिक्षक आणि क्रीडा केंद्रातील प्रशिक्षक यांच्याशी तोडीच्या आधीच बोलावे. त्यांच्याकडील धनुष्यांची ओढ किती पाउंड आहे, तीर किती लांब लागतात आणि इंडियन राउंडचे सध्याचे नियम काय आहेत, हे लिहून घ्यावे. मग बेटात शिरावे.

हिशेब करताना निम्म्याहून अधिक काड्या बाद होतील असे धरूनच चालावे. काही वाळताना तडकतील, काही शेकताना मोडतील, काहींचे आकडे जुळणार नाहीत. बाद काड्या टोमॅटोला, वेलांना किंवा चुलीला आहेतच. मजुरी मोजताना शेकण्याचा आणि मोजण्याचा वेळही धरावा, कारण तोडीपेक्षा तोच जास्त जातो. बाराचा संच, त्यावर ताठपणाचा आकडा, वजन आणि तोडीचे वर्ष लिहिलेली चिठ्ठी बांधून द्यावा.

पावसाळ्यात शिल्लक संच उभे टेकवून ठेवू नयेत, त्यांना वाक येतो. लाकडी पट्टीला दोन ओळींत भोके पाडून त्यात काड्या आडव्या ठेवाव्यात किंवा जुडी करून आढ्याला टांगावी. चुलीचा थोडा धूर लागला तर चांगलेच, भुंगेरा जवळ येत नाही. पोळा झाला की एकदा सर्व संच खाली काढून भुसा पडला आहे का ते पाहावे आणि ताठपणा पुन्हा मोजावा. ओल धरलेल्या काडीचा आकडा बदललेला असतो.